गंजलेल्या ब्रेक पाइपाचा नट सोडवताना

आमच्या घरी २००९ सालची मारुती ओम्नी आहे. रत्नागिरीत समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर आहे, त्यामुळे वर्षाचे बाराही महिने खारा वारा गाडीच्या पोटाखालून खेळत असतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तिच्या वाट्याला येतो. आंब्याच्या दिवसांत ही गाडी पेट्या वाहते. पावसाळ्यात मात्र ती बहुतेक वेळ पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. यंदा गणपतीनंतर ती बाहेर काढली, तेव्हा ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जात होते. ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर, हाताच्या पंजाएवढा ओला डाग दिसत होता. त्यावर बोट फिरवले आणि बोट नळाखाली धरले, तर तो ओशटपणा साध्या पाण्याने निघून गेला. इंजिनाचे किंवा गिअरचे ऑइल असे पाण्याने जात नाही. ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातले असल्यामुळे ते पाण्यात मिसळते. व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर दाबणारा चाकातला छोटा सिलिंडर, गळत होता, यात शंका उरली नाही.

व्हील सिलिंडर बदलणे हे कागदावर अगदी सोपे काम आहे. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे गोल लोखंडी झाकण, काढायचा, त्याच्या आतून घासणारे ब्रेक शू बाजूला करायचे, सिलिंडरच्या मागे जोडलेल्या पाइपाचा नट सोडवायचा, दोन बोल्ट काढायचे आणि नवा सिलिंडर बसवायचा. आमच्याकडच्या हवेत या कामाचा नव्वद टक्के वेळ जातो तो केवळ सोडवण्यात, कारण ड्रम हबला चिकटलेला असतो, हवा काढायचा निप्पल जाम असतो आणि पाइपाचा नट तर पाइप आणि सिलिंडर या दोहोंशी एकजीव झालेला असतो. घरी गाडीचे काम करणाऱ्या अनेकांची ब्रेकच्या कामातील गाडी नेमकी येथेच अडते, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अडकलेला नट सोडवताना माणूस गाडीखाली वाकून अंगातली सगळी ताकद लावतो आणि त्या हिसक्याने गाडी हलते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे काम कधीही करू नये. आमच्या भागात अंगणात जांभा चिरा सहज हाताशी असतो, आणि गाडीखाली चिरे रचून काम करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. चिरा भिंतीत कितीही मजबूत असला, तरी एका टोकावर भार आला की तो भुगा होऊन फुटतो, आणि फुटण्यापूर्वी कसलीही सूचना देत नाही. लोखंडी स्टँडची जोडी विकत घ्यावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडी स्टँडवर बसल्यावर तिला हाताने जोरात हलवून पाहिल्याखेरीज खाली जाऊ नये. मागच्या चाकाचे काम असल्याने हँडब्रेक सोडलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या ठोकळ्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ड्रमसाठी मी फारसा वेळ घालवला नाही. ओम्नीच्या मागच्या ड्रमवर आटे असलेली दोन भोके असतात. त्यांत ८ मिलिमीटर व्यासाचे, १.२५ पिचचे दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. ती भोके गंजाने भरलेली असतात, म्हणून आधी तारेच्या ब्रशने साफ करून त्यांत तेल सोडावे. हबच्या गोल कडेभोवती तेल सोडून हातोडीने ड्रमच्या तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागी, चौफेर ठोके द्यावेत. ड्रमच्या बाहेरच्या कडेवर मात्र मारू नये, कारण बिडाची कड तुटते. इतके करूनही ड्रम थोडा बाहेर येऊन अडला, तर तो गंजामुळे नव्हे, तर आत पडलेल्या खाचेच्या काठावर ब्रेक शू अडकल्यामुळे अडला आहे असे समजावे आणि हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करावी. ड्रम निघाल्यावर आतली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ब्रेक शूवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरात, ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

आता पाइपाच्या नटाकडे येतो, कारण खरा जीव तिथे आहे.

ब्रेकचा लोखंडी पाइप बाहेरून पावणेपाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची भिंत पाऊण मिलिमीटरहूनही पातळ असते. त्याचे टोक दुहेरी दुमडून फुलवलेले असते. हे फुलवलेले तोंड सिलिंडरच्या आतल्या शंकूसारख्या बैठकीवर टेकते आणि पाइपावर आधीच ओवलेला पोकळ नट त्याला मागून दाबून धरतो. म्हणजे ऑइल अडवण्याचे काम पाइपाच्या तोंडाचे आहे, नटाच्या आट्यांचे नाही. ही रचना नीट समजून घेतली की गंजाचे सगळे कोडे उलगडते. आट्यांपर्यंत ब्रेक ऑइल कधी पोहोचतच नाही, त्यामुळे ते आतून कोरडे राहतात. बाहेरून मात्र पावसाचे पाणी दोन वाटांनी शिरते. एक वाट नट आणि सिलिंडर यांच्यामधली, म्हणजे आट्यांची. दुसरी वाट नट आणि पाइप यांच्यामधली, जी मागून उघडीच असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून केसाएवढ्या फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. खाऱ्या हवेतील मीठ या सगळ्याचा वेग वाढवते आणि ॲक्सलवर साचलेली लाल माती त्या जागी ओल धरून ठेवते.

याचा अर्थ नट दोन ठिकाणी अडकतो, आणि दोन्ही ठिकाणांचा इलाज एकच नसतो. चार वर्षांपूर्वी हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा याच गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचा पाइप सोडवायला मी साधा दुतोंडी दहाचा पाना लावला. पहिल्या जोरातच पाना सटकला आणि नटाचे दोन कंगोरे झिजले. मग मी ग्रिप पक्कड लावली आणि नट फिरला, तेव्हा मला आनंद झाला. पण नट आट्यांतून सुटला असला, तरी पाइपाला घट्ट चिकटलेला असल्याने त्याच्याबरोबर पाइपही पिळला जात होता. अर्ध्या फेऱ्यात पाइपाला मुरड पडली आणि ऑइल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, ज्यांना सगळी आळी नाना म्हणते. ते येऊन बघून गेले आणि इतकेच म्हणाले, "अरे, नट सुटत नाही म्हणतोस, पण तो कशाला धरून बसलाय ते बघितलंस का आधी?" त्यांचा हा प्रश्न मी पुढच्या प्रत्येक कामात स्वतःला विचारत आलो आहे.

यावेळी मी सुरुवात केली ती पाना न उचलता. तारेच्या लहान ब्रशने नट, त्याच्या मागचा बोटभर पाइप आणि सिलिंडरचे तोंड धातू दिसेपर्यंत घासले. पाइपावरचा गंज आणि रंगाचा पापुद्रा काढणे हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण नट मागे सरकताना त्याला याच भागावरून सरकायचे असते. तिथे खरबरीत गंज राहिला तर आट्यांतून सुटलेला नटही त्यावर अडतो. घासल्यावर पाइपाला एखादी सुई टोचल्यासारखे खड्डे दिसले तर पाइप वाचवण्याचा विचार सोडावा, ही त्याच वेळी मिळणारी दुसरी माहिती.

त्यानंतर तेल. डब्ल्यूडी-४० आता प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि त्यावर लोकांची फार श्रद्धा आहे. पण त्याचे नावच मुळी पाणी हटवण्याच्या कामावरून, चाळिसाव्या प्रयोगात साधलेल्या मिश्रणावरून पडले आहे. १९५३ मध्ये ते तयार झाले तेही गंज होऊ नये म्हणून. झालेल्या गंजात शिरण्यासाठी खास बनवलेली तेले वेगळी मिळतात, आणि ती अधिक चांगले काम करतात असा माझा अनुभव आहे. ती न मिळाल्यास ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते तांबडे ऑइल आणि ॲसिटोन समसमान घेऊन, वापरण्यापूर्वी बाटली जोरात हलवून, थेंबाथेंबाने सोडावे. ॲसिटोन पेट घेते आणि रंगही खाते, हे ध्यानात ठेवून ते मोकळ्या हवेत वापरावे. तेल कोणतेही असो, ते नटाच्या दोन्ही बाजूंना सोडायचे. पुढून आट्यांच्या फटीत सगळेच सोडतात, मागून पाइपाच्या फटीत सोडायला मात्र बहुतेक जण विसरतात. नटाचे मागचे तोंड वर येईल अशा कलाने थेंब सोडता आला तर फारच उत्तम.

इथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. ब्रेकच्या आतले रबरी कप ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेलाचा त्यांना स्पर्श झाला तर ते फुगतात, मऊ पडतात आणि एके दिवशी गळू लागतात. म्हणून गंज सोडवणारे तेल बाहेरून सोडणे आणि जोड उघडण्यापूर्वी ते ब्रेक क्लीनरने पूर्ण धुऊन काढणे, या दोन्ही गोष्टी एकाच कामाचे भाग आहेत. उघड्या जोडावर तेलाचा फवारा मारण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती ब्रेकपुरती तरी मोडावी.

तेल सोडले की घाई करायची नाही. मी शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी आणि शनिवारी रात्री असे तीन वेळा तेल सोडले, आणि प्रत्येक वेळी नटाच्या डोक्यावर लहान हातोडीने, एक पितळी रूळ मध्ये धरून, वीस-पंचवीस हलके ठोके दिले. ठोके नट तोडण्यासाठी नसतात. गंज ठिसूळ असतो, लोखंड ठिसूळ नसते; थरथरीने गंजाला चिरा जातात आणि त्या चिरांतून तेल आत ओढले जाते. दुपारच्या उन्हात तापणे आणि रात्री निवणे यानेही फटी श्वास घेतल्यासारख्या उघडझाप करतात, म्हणून मधली रात्र जाऊ देण्यात तथ्य आहे.

रविवारी सकाळी मी एक लहानशी गोष्ट केली, जिचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. खोडरबराऐवजी वापरतात त्या पांढऱ्या शाईच्या पेनाने सिलिंडरवरून नटावर आणि नटावरून पाइपावर अशी एक सलग सरळ रेघ ओढली. नट फिरवताना डोळे पान्याकडे नव्हे, या रेघेकडे ठेवायचे. रेघ सिलिंडर आणि नट यांच्यामध्ये तुटली आणि नट व पाइप यांच्यामध्येही तुटली, तर नट दोन्हीकडून मोकळा आहे. रेघ नटापासून पाइपापर्यंत अखंडच राहिली आणि नुसती सिलिंडरपाशी तुटली, तर पाइप नटाबरोबर पिळला जात आहे आणि हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. गाडीखाली, अंधारात, तिरप्या मानेने हा फरक नुसत्या नजरेला कळत नाही. रेघ असली की बॅटरीच्या उजेडात लगेच कळतो.

पाना कोणता लावावा याबद्दल तडजोड नको. साधा दुतोंडी पाना नटाच्या फक्त दोन बाजू धरतो, आणि मऊ, गंजलेल्या नटावर तेवढे पुरत नाही. ब्रेक पाइपासाठी फ्लेअर नटाचा पाना मिळतो. तो रिंग पान्यासारखाच असतो, फक्त पाइप आत जाईल एवढी फट त्याला ठेवलेली असते, त्यामुळे तो सहापैकी पाच बाजू धरतो. आमच्या गाडीला दहाचा लागतो आणि बहुतेक जपानी बनावटीच्या गाड्यांना तोच लागतो. स्वस्तातला घेऊ नये, कारण जोर लागला की त्याची फट फाकते. फाकू नये म्हणून मी पान्याच्या तोंडावर आडवी ग्रिप पक्कड आवळून बसवतो; पाना नट धरतो आणि पक्कड पान्याला धरते.

पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने लावायचा नाही. आवळण्याच्या दिशेने किंचित, एक-दोन अंशच, ताण द्यायचा. गंजाची पकड मोडायला ही उलटी हालचाल पुरते, आणि जिथे गंज जमलेला आहे त्या दिशेने आपण नटाला ओढत नाही. मग सोडवण्याच्या दिशेने, पाइपाच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट, एका हाताने पाना आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याचा नेमका, आखूड ठोका. तिसऱ्या ठोक्याला "कट्" असा बारीक, कोरडा आवाज आला. हा आवाज ओळखायला शिकावे. लोखंड पिळले जात असताना आवाज येत नाही, पाना नुसता मऊ-मऊ सरकल्यासारखा वाटतो, आणि तो मऊपणा हीच खरी धोक्याची खूण असते. मी थांबून रेघ पाहिली. सिलिंडरपाशी ती तुटली होती, पाइपापाशी नव्हती.

म्हणजे आट्यांनी हार मानली होती, पाइपाने मानली नव्हती. चार वर्षांपूर्वी मी इथेच पुढे रेटले असते. आता नट पुन्हा होता त्या जागी नेला, मागच्या फटीत तेल सोडले, आणि नटाला एक-दोन मिलिमीटर इकडे, तेवढेच तिकडे असे हलवत राहिलो. पातळ पाइप तेवढा पीळ सहन करतो. पाचेक मिनिटांनी मागच्या फटीतून तपकिरी, चहाच्या गाळासारखे तेल बाहेर येऊ लागले. आतला गंज दळला जात असल्याची ती खूण. आणखी दहा मिनिटांनी रेघेचा पाइपावरचा तुकडा जागेवर राहिला आणि नटावरचा तुकडा त्याच्या पुढे गेला. एवढ्या छोट्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघून मला जे समाधान वाटले, ते गाडीच्या कुठल्या मोठ्या कामानेही क्वचितच दिले असेल.

जोड पूर्ण उघडण्यापूर्वी ब्रेकचे पेडल सुमारे एक इंच दाबून, सीटला टेकवलेल्या काठीने तिथेच धरून ठेवावे. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधील, म्हणजे पेडलने ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरमधील, डबीकडचे छिद्र झाकले जाते आणि डबीतले सगळे ऑइल जमिनीवर वाहून जात नाही. मागचे लाल दिवे पेटून राहतात, म्हणून गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवावी. निप्पलवरची रबरी टोपी पाइपाच्या उघड्या तोंडावर बरोबर बसते, हे मी नानांकडून शिकलो.

आच देऊन नट सोडवण्याबद्दल अनेक जण विचारतात. गॅरेजमध्ये गॅसच्या बत्तीने लाल करून क्षणात सोडवलेला नट पाहिला की मोह होतोच. पण पाइपात ऑइल कोंडलेले असताना आच दिली तर ते आत उकळते आणि दाबाने उसळते. ते पेटही घेते. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर ओला असताना त्यावर ज्योत धरली तर अत्यंत विषारी वायू तयार होतो. सिलिंडर आणि पाइप दोन्ही फेकून द्यायचे ठरले असतील, जवळ रबरी होज नसेल आणि जोड कुठे तरी मोकळा केलेला असेल, तरच घरी आचेचा विचार करावा. मी तो करत नाही. जी वस्तू वाचवायची नाही तिच्यासाठी त्याहून सोपा मार्ग आहे, आणि त्याकडे मी लगेच येतोच.

हवा काढायचा निप्पल हा स्वभावाने वेगळा प्राणी आहे. तो पोकळ असतो, आणि टोकाशी त्याला आडवे छिद्र असल्याने तिथे त्याचा धातू सर्वांत कमी असतो. तुटायचा तो नेमका त्याच्या आसपास. सहा कोनांचा आठचा बॉक्स पाना वापरावा, बारा कोनांचा नको. पाना लावण्यापूर्वी निप्पलच्या पोकळीत बरोबर बसेल असा ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा सरकवून ठेवला, तर पिळताना भिंतींना आतून आधार मिळतो. वरून सरळ रेषेत हातोडीचे काही ठोके द्यावेत, पुन्हा तेच: आधी आवळण्याकडे, मग सोडण्याकडे. माझ्या डाव्या सिलिंडरचा निप्पल काढण्यात मी वेळ घालवला नाही, कारण नव्या सिलिंडरसोबत नवा निप्पल येतोच. उजव्या बाजूचा मात्र हवा काढण्यासाठी सोडवणे गरजेचे होते, आणि त्याला दोन दिवस तेलात ठेवल्यावर तो शहाण्यासारखा सुटला. व्हील सिलिंडरमध्ये निप्पल तुटला तर उलट्या आट्यांच्या बिटाने कोरून काढण्याची खटपट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरताना पडलेला लोखंडी कीस आत राहिला तर तो कप कापतो, आणि नवा सिलिंडर काही महाग नसतो. पुढच्या चाकांवर सिलिंडरच्या जागी असणाऱ्या कॅलिपरची गोष्ट निराळी. तो महाग असतो, आणि तिथे एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडे जाणे योग्य.

आता ज्या पाइपासाठी मी तीन दिवस दिले त्याचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. सिलिंडर काढून पाइप मोकळा झाल्यावर मी ॲक्सलवरची त्याची पकडपट्टी वाकवून उघडली. पट्टीखाली, जिथे वर्षानुवर्षे ओली माती दबून राहिली होती, पाइपाला दाण्यादाण्यांचे खड्डे पडले होते आणि त्यांतला एक नखाने खोदता येण्याइतका खोल होता. पाइप तोंडाशी धडधाकट आणि पट्टीखाली सडका, ही किनाऱ्यावरच्या गाड्यांची नेहमीची स्थिती आहे. जोरात ब्रेक दाबला की या पाइपात शंभर बारच्या घरात दाब चढतो. टायरमध्ये तो साधारण दोन बार असतो. असा पाइप परत बसवणे मला शक्य नव्हते. तीन दिवस फुकट गेले असे मला वाटले नाही, कारण सडका पाइप तोडून काढला असता तर ती पट्टी मी कदाचित उघडलीही नसती आणि उजव्या बाजूची तशीच पट्टी तर नक्कीच नाही. उजवीकडे खड्डे उथळ होते, पण मी दोन्ही पाइप बदलले.

पाइप जाणारच आहे हे ठरले की काम फार सोपे होते. ॲक्सलवरच्या जोडाकडील दुसऱ्या टोकाला मी नटाच्या अगदी मागे पाइप करवतीच्या पात्याने कापला आणि उरलेल्या नटावर सहा कोनांचा दहाचा बॉक्स पाना पूर्ण बसवला. सहाही बाजू धरल्या गेल्यामुळे नट एका जोरात सुटला. फ्लेअर नटाच्या पान्याशी तास-तास झगडणाऱ्यांना हे ठाऊक असते तर किती त्रास वाचला असता. जिथे लोखंडी पाइप रबरी होजला जोडलेला असतो, तिथे मात्र होजचे षट्कोनी टोक दुसऱ्या पान्याने घट्ट धरूनच नट फिरवावा. नाहीतर होज पिळला जाऊन त्याची खाच आणि क्लिप दोन्ही बिघडतात.

नव्या पाइपाबाबत एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, आणि तो इथे व्यक्त करतो. रस्त्याकडेच्या काही दुकानांत सडलेला भाग कापून फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा रिंग आवळायच्या जोडाने बसवून देतात. असे जोड इतक्या दाबासाठी बनवलेले नसतात, आणि शुद्ध तांबे गाडीच्या सततच्या थरथरीने कडक होऊन चिरते. त्या गाडीत बसणाऱ्या मुलांना याची काहीही कल्पना नसते. गाडीच्या मापाचा तयार पाइप आणावा, किंवा तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा ब्रेकसाठीच बनवलेला पाइप घेऊन त्याचे तोंड योग्य साच्याने दुहेरी फुलवून घ्यावे. तो गंजत नाही, हाताने वळतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्याहून चांगला पाइप मला माहीत नाही. मी कोल्हापुरातून तयार लोखंडी पाइप मागवले, कारण माझ्याकडे तोंड फुलवायचा साचा नाही आणि या कामात शिकाऊपणा करावा असे मला वाटत नाही.

बसवताना नट आधी बोटांनी तीन-चार आटे सरळ चढवावा, पाना त्यानंतर. सिलिंडरचे दोन बोल्ट तोवर ढिलेच ठेवावेत, म्हणजे पाइपाचे तोंड आपोआप सरळ रेषेत येते. आवळणे सुमारे सोळा न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्यावर मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. नटाच्या मागच्या फटीत आणि बाहेरून दिसणाऱ्या आट्यांवर मी रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. पाइपाच्या तोंडावर आणि बैठकीवर काहीही लावलेले नाही. चारही निप्पलवर नव्या रबरी टोप्या बसवल्या. ही टोपी शोभेसाठी नसते. ती नसली की निप्पलच्या पोकळीत पावसाचे पाणी साठते आणि पुढच्या खेपेचा जाम निप्पल तिथेच तयार होऊ लागतो.

ऑइल डॉट ३ प्रतीचे, नव्या सीलबंद डब्यातले घेतले. हे ऑइल हवेतली ओल शोषते. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. अर्धा उघडा डबा वर्षभर फळीवर ठेवून पुन्हा वापरणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि आमच्या दमट हवेत तर अधिकच. हवा काढण्याची सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून केली. पेडलवर माझी मुलगी बसली होती. "बाबा, दाबू?" "दाब. धरून ठेव. सोडू नकोस हं, मी सांगेपर्यंत." असे चाळीसेक वेळा झाल्यावर नळीतले बुडबुडे थांबले आणि पेडल वर आले.

इंजिन बंद ठेवून तिला पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरायला सांगितले आणि मी बॅटरी घेऊन प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरून पाहिला. त्यानंतर रात्रभर चारही चाकांच्या आत कागद अंथरून ठेवले. सोमवारी सकाळी कागद कोरडे होते. गाडी आधी अंगणात, मग गल्लीत, मग रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने थांबवून पाहिली, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर चाके काढून चारही जोड पुन्हा तपासले. उजव्या निप्पलला मी मे महिन्यात पाऊण फेरा सोडून परत बसवणार आहे, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा. वर्षातून दोनदा हलणारा निप्पल अडकत नाही, असे नानांचे म्हणणे आहे आणि त्यांच्या स्कूटरचे निप्पल पाहता ते खरे दिसते.